संपूर्ण नोंद आधी की निर्णय आधी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार.

व्यवसायापुढे अडून राहिलेल्या निर्णयांपासून एंटरप्राइझ आर्किटेक्चरचे, म्हणजे कंपनीचे कामकाज, माहिती आणि संगणक प्रणाली यांची एकत्रित रचना आखण्याचे, काम सुरू करावे आणि ज्या आकृतीमुळे कोणताही निर्णय सोपा होणार नाही ती काढूच नये, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण रोखठोक आणि अभ्यासपूर्ण प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले आक्षेप तीन आहेत. पहिला असा, की कंपनीतील सर्व प्रणालींची संपूर्ण नोंद हाताशी नसताना निवडक प्रश्नांपुरते नकाशे काढणे धोक्याचे आहे, कारण जे नकाशात आले नाही तेच पुढे आडवे येते. दुसरा असा, की व्यवसायाच्या कलाने काम करायचे म्हटले की ज्या विभागप्रमुखाचा आवाज मोठा, त्याच्या मर्जीचे आर्किटेक्चर तयार होते. तिसरा आक्षेप थेट माझ्या कामाच्या स्वरूपावर आहे: ही पद्धत स्वतंत्र सल्लागाराच्या सोयीची आहे, तो काही महिन्यांनी निघून जातो आणि मागे विस्कळीत आकृत्या उरतात. शेवटी आपण विचारले आहे, की आपल्या कंपनीत सॅप या कंपनीचा सगळा कारभार एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीवरून नव्या आवृत्तीवर जाण्याचे काम सुरू होत असताना संपूर्ण नोंदीशिवाय पहिले पाऊल तरी कसे टाकायचे. या प्रश्नाला मी शेवटी वेगळे उत्तर देतो.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला तत्त्वाने उत्तर देण्यापेक्षा एक प्रकरण सविस्तर मांडणे मला योग्य वाटते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होण्यापूर्वी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली, तर केंद्रीय विक्रीकर लागत असे आणि खरेदीदाराला त्याची वजावट मिळत नसे. तोच माल कंपनीने दुसऱ्या राज्यातील स्वतःच्या डेपोत पाठवला, तर ही विक्री नाही असे दाखवणाऱ्या एफ फॉर्मच्या आधारे हा कर टळत असे. त्यामुळे मुंबईत मुख्य कार्यालय असलेल्या औषध, रंग किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी राज्याराज्यांत डेपो उघडले किंवा कंपनीच्या वतीने माल साठवून पुढे पाठवणारे सी अँड एफ एजंट नेमले. भिवंडीला गोदामांची जी प्रचंड वस्ती उभी राहिली, तिच्यामागेही स्वस्त जागेबरोबरच मुंबई महापालिकेच्या हद्दीत येणाऱ्या मालावरची जकात हे एक कारण होते. या करव्यवस्थेची छाप कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये खोलवर उमटली. प्रत्येक डेपोचे बिलिंग वेगळे, साठ्याचा हिशेब वेगळा, आणि एकाच स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याला, दोन राज्यांत दोन निराळे खाते क्रमांक, अशी ती रचना होती. पुढे जीएसटी आला आणि जकात गेली. राज्याबाहेरच्या आपल्याच गोदामात माल पाठवताना कर लागू झाला, पण त्याची वजावट मिळू लागली, म्हणजे राज्यागणिक डेपो ठेवण्याचे करासंबंधीचे कारण संपले. सॉफ्टवेअरमधली रचना मात्र तशीच राहिली, कारण ती का केली होती हे कोठेही लिहिलेले नव्हते.

अंधेरीत कार्यालय असलेल्या एका औषध कंपनीच्या संचालकांपुढे नेमका हाच निर्णय होता: राज्यवार डेपो कमी करून काही मोठी प्रादेशिक गोदामे ठेवावीत का? त्यांच्याकडे सर्व प्रणालींची यादी होती आणि ती निष्ठेने तयार केलेली होती. कोणत्या डेपोत कोणते सॉफ्टवेअर, त्याची आवृत्ती कोणती, सर्व्हर कोठे आहे, हे सगळे तिच्यात होते. तरीही त्या यादीवरून संचालकांना काहीच ठरवता येईना. आम्ही मग एका ऑर्डरचा माग काढत गेलो: स्टॉकिस्टची मागणी कोण घेतो, साठा कोण वाटून देतो, उधारीची मर्यादा कोण तपासतो, स्कीमचा हिशेब कोठे होतो आणि मुदत संपलेले औषध परत आले की पुढे काय होते. सगळी गाठ या शेवटच्या प्रश्नात होती. मुदत संपलेल्या मालाच्या परतीसाठी जीएसटीत दोन मार्ग आहेत आणि ऑक्टोबर २०१८ च्या परिपत्रकाने ते स्पष्ट केले आहेत. पहिल्या मार्गात माल परत करणारा नोंदणीकृत व्यापारी ती परत नव्या विक्रीसारखी दाखवून स्वतःचे बिल देतो; दुसऱ्या मार्गात कंपनी क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी केल्याचे पत्र, देते आणि ती कायद्यातील मुदतीत दिली नाही, तर त्या रकमेवरचा कर कमी करून घेता येत नाही. या कंपनीत काही डेपो पहिल्या मार्गाने जात होते, काही दुसऱ्या, आणि बॅच क्रमांकांची जुळवणी प्रत्येक ठिकाणी तिथल्या कारकुनाच्या एक्सेल शीटमध्ये होत होती. संपूर्ण म्हणवणाऱ्या त्या यादीत ही शीट कोठेही नव्हती, कारण तिला कोणीच प्रणाली मानत नव्हते.

आपण म्हणता की जे नकाशात आले नाही तेच आडवे येते. मी याच्याशी पूर्ण सहमत आहे. पण ते नकाशात यावे यासाठी हातात प्रश्न असावा लागतो, असे माझे म्हणणे आहे. यादी करणारा माणूस सर्व्हर मोजत जातो आणि सर्व्हरवर नसलेली गोष्ट त्याला दिसत नाही. गोदामे एकत्र करायची का, हा प्रश्न घेऊन फिरणाऱ्याला मात्र त्या शीटपर्यंत जावेच लागते, कारण तिच्यावाचून परत आलेल्या मालाचा हिशेब पुरा होत नाही. त्या कंपनीत वित्तप्रमुखांनी परतीचा एकच मार्ग ठरवून दिल्यावरच गोदामांचा विषय पुढे सरकला, आणि तोवर नवे सॉफ्टवेअर घेण्याची चर्चा आम्ही जाणीवपूर्वक थांबवून ठेवली होती.

तरीही आपल्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे आणि मूळ लेखात तो पुरेसा स्पष्ट मांडला गेला नसावा. संपूर्ण यादी आणि संपूर्ण वर्णन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक प्रणालीसाठी एक ओळ असलेली यादी प्रत्येक कंपनीत असलीच पाहिजे. त्या ओळीत प्रणालीचे नाव असावे, व्यवसायाच्या बाजूने तिच्याबद्दल उत्तर देणारी व्यक्ती कोण ते असावे, कोणती माहिती मूळ म्हणून तिच्यातच जन्माला येते ते असावे, आणि पुरवठादाराशी झालेला करार केव्हा संपतो ते असावे. ई-इन्व्हॉइसच्या वेळी या यादीचे मोल कळले. हा नियम १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढाल असलेल्यांना लागू झाला, १ जानेवारी २०२१ रोजी १०० कोटींपर्यंत आणि १ एप्रिल २०२१ रोजी ५० कोटींपर्यंत खाली आला, आणि पुढे टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांपर्यंत पोहोचला. व्यापाऱ्याने व्यापाऱ्याला दिलेले प्रत्येक बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून त्यावर क्रमांक आणि क्यूआर कोड घ्यायचा, एवढाच तो नियम. त्याची अंमलबजावणी करताना प्रत्येक कंपनीला एकच प्रश्न पडला: आपल्याकडे बिल जन्माला येते तरी किती ठिकाणी? ईआरपीमधले, म्हणजे सगळे विभाग एकत्र चालवणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरमधले, बिल सर्वांना आठवले. कारखान्याच्या गेटवर भंगार विकताना हाताने केलेले बिल, सेवा विभागाने वेगळ्या सॉफ्टवेअरमधून काढलेले दुरुस्तीचे बिल, जुन्या डेपोतून अजून निघणारी डेबिट नोट, ही मात्र शोधावी लागली. अशा प्रश्नाला कंपनीभर आडवी, एकही कोपरा न सोडणारी यादी हवी. मात्र प्रत्येक प्रणालीच्या आतले डेटाबेसचे तक्ते, इंटरफेस आणि सर्व्हरची जोडणी आधीच काढून ठेवण्याची गरज त्यातूनही सिद्ध होत नाही. तेवढी खोली जिथे बिल निघते तिथेच लागली.

आपण आपल्या म्हणण्यासाठी चौकटींचा, म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या प्रस्थापित पद्धतींचा, दाखला दिला आहे, म्हणून त्याविषयीही लिहितो. जॉन झॅकमन यांनी १९८७ मध्ये आयबीएमच्या नियतकालिकात मांडलेली चौकट मुळात तीन स्तंभांची होती; १९९२ मध्ये जॉन सोवा यांच्याबरोबर तिचा विस्तार सहा स्तंभांपर्यंत झाला. ती कंपनीच्या वर्णनांचे तक्त्यात वर्गीकरण करण्याची योजना आहे. कोणता कप्पा आधी भरायचा आणि किती भरायचा, याचा आदेश ती देत नाही. टोगॅफ ही ओपन ग्रुप या संस्थेची दुसरी चौकट १९९५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या एका चौकटीवरून तयार झाली आणि २०२२ मध्ये तिची दहावी आवृत्ती आली. तिच्यातही कामाची व्याप्ती रुंदी, खोली, कालावधी आणि विषयक्षेत्र अशा चार बाजूंनी आधी ठरवून घ्यायला सांगितले आहे आणि पद्धत संस्थेप्रमाणे बेतून घ्यायला सांगितले आहे. म्हणून माझी पद्धत या चौकटींना सोडून आहे, असे मला वाटत नाही. व्याप्ती ठरवण्याची ती पायरी बहुतेक ठिकाणी एका बैठकीत उरकली जाते. मी तिथेच सर्वांत जास्त वेळ देतो, कारण खोली किती हवी हे निर्णय कळल्याशिवाय सांगता येत नाही.

आता दुसरा आक्षेप. विभागप्रमुखाने मागितले ते द्यायचे, याला मी व्यवसायाधारित काम मानत नाही. एखादी गोष्ट कोणत्याच विभागाने मागितलेली नसते आणि तरी ती पूर्णपणे व्यवसायाची असते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून वर्षभर चोवीस तास सुरू झाली. शेअर बाजारातील सौदे दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पुरे करण्याची पद्धत २७ जानेवारी २०२३ पासून सर्व शेअरना लागू झाली. फोर्ट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वित्तसंस्थांच्या बहुतेक जुन्या प्रणाली संध्याकाळी दिवस बंद करायचा आणि सकाळी नवा उघडायचा, या गृहीतकावर बांधलेल्या होत्या. रविवारी रात्री साडेअकराला कर्जदाराचा हप्ता खात्यात आला, तर तो कोणत्या तारखेचा मानायचा, त्या दिवसाचे व्याज धरायचे की सोडायचे आणि उशिराचा आकार लावायचा की नाही, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने ठरवू नये. पण वरून कोणी ठरवून दिले नाही, तर प्रत्येक प्रणालीत कोणीतरी ते आपल्यापुरते ठरवून टाकतो आणि मग कर्जाच्या प्रणालीत एक तारीख, वसुलीच्या प्रणालीत दुसरी आणि ग्राहकाला गेलेल्या संदेशात तिसरी, अशी अवस्था होते. त्याचा भुर्दंड शेवटी वेळेवर पैसे भरणाऱ्या माणसाला बसतो. असा उत्तर न मिळालेला प्रश्न शोधून काढणे, त्याचे उत्तर देण्याचा अधिकार आणि जबाबदारी कोणाची हे ठरवून घेणे, आणि ते उत्तर सर्व प्रणालींना एकसारखे लागू करणे, याला मी व्यवसायापासून सुरू होणारे आर्किटेक्चर म्हणतो.

मोठ्या आवाजाची आपली भीती खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे साधाच उपाय आहे. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले आहे, की संस्था ज्या प्रणाली घडवते त्यांची रचना त्या संस्थेतील संवादाच्या रचनेसारखीच होते. विक्री आणि वित्त या विभागांचे एकमेकांशी बोलणे नसेल, तर ग्राहकांच्या दोन याद्या तयार होणारच, आणि कितीही चांगले सॉफ्टवेअर आणले तरी त्या दोनच राहतील. म्हणून मी दोन्ही विभागप्रमुखांशी वेगवेगळे बोलून तडजोडीची आकृती काढत नाही. दोघांना एकत्र बसवतो, समोर एका पानावर पर्याय ठेवतो आणि प्रत्येक पर्यायाचा खर्च कोणत्या विभागाच्या अंदाजपत्रकातून जाणार, हे त्याच पानावर लिहितो. खर्च आपल्या नावावर पडणार हे दिसले की आग्रह नेमका होतो. मतभेद मिटला नाही, तर ते पान तसेच व्यवस्थापकीय संचालकांकडे जाते आणि त्यांच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही. जीन रॉस आणि पीटर वेल या एमआयटीतील संशोधकांनी मांडलेले दोन प्रश्न इथे मला फार उपयोगी पडतात: आपल्या वेगवेगळ्या विभागांनी काम एकाच पद्धतीने करावे का, आणि त्यांनी एकमेकांची माहिती वापरावी का? मशीद बंदरला पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणाऱ्या आणि आता तीन वेगळे धंदे चालवणाऱ्या कुटुंबासाठी दोन्हींची उत्तरे ‘नाही’ अशी असू शकतात, आणि ती योग्यही असू शकतात. अशा ठिकाणी तिन्ही धंद्यांना एकाच ईआरपीत कोंबणे हा मालकांवरचा अन्याय आहे.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण जे आहे ते स्पष्ट लिहितो. सल्लागार जाणारच असतो, म्हणून त्याच्या जाण्याची तयारी पहिल्या दिवसापासून करावी लागते. प्रत्येक नकाशावर कंपनीतील एका कर्मचाऱ्याचे नाव असते आणि दुरुस्तीचा अधिकार त्याचा असतो. असे नाव मिळाले नाही, तर तो नकाशा मी ठेवत नाही. नकाशांपेक्षा अधिक काळजी मी निर्णयांच्या नोंदीची घेतो. काय ठरले, कोणते पर्याय नाकारले, ते का नाकारले आणि कोणती परिस्थिती बदलली तर हा निर्णय पुन्हा उघडायचा, या चार गोष्टी प्रत्येक नोंदीत असतात. वर सांगितलेल्या औषध कंपनीत ‘राज्यवार डेपो हे केंद्रीय विक्रीकरामुळे’ एवढे एक वाक्य कोणी लिहून ठेवले असते, तर जीएसटी येऊन ते कारण संपले त्या दिवशीच विषय उघडला असता. ही नोंद कंपनी आधीपासून वापरत असलेल्या साधनांतच ठेवावी, निदान पहिल्या वर्षी. आर्किटेक्चरसाठी खास सॉफ्टवेअर घ्यायला माझा विरोध नाही, पण नोंद करण्याची सवय लागण्यापूर्वी ते घेतले, तर सारा उत्साह ते भरण्यात खर्च होतो. मी कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीकडून दलाली घेत नाही आणि ग्राहकाला तसे लेखी देतो. त्यामुळे एखादी खरेदी पुढे ढकला, असे मला मोकळेपणाने सांगता येते.

बँका आणि वित्तसंस्थांच्या बाबतीत आपला संपूर्ण नोंदीचा आग्रह माझ्या पद्धतीपेक्षा वरचढ ठरतो, हेही नमूद करतो. रिझर्व्ह बँकेने माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्यासंबंधीचे जे निर्देश १० एप्रिल २०२३ रोजी काढले आणि जे १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, त्यांत बाहेरून घेतलेल्या सेवांची नोंद ठेवणे बंधनकारक केले गेले. तिथे नोंद कोणत्या निर्णयासाठी, असे विचारत बसण्यात अर्थ नाही.

राहिला आपल्या सॅपचा प्रश्न. ईसीसी या जुन्या सॅपच्या अलीकडच्या आवृत्त्यांची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपणार आहे, त्यामुळे आपल्याला तारीख बाहेरून मिळालेली आहे आणि घाई होणार हे दिसतेच. अशा कामात मी सुरुवात दोन ठिकाणांहून करीन.

पहिले ठिकाण ग्राहक आणि पुरवठादार यांच्या याद्यांचे. एस-फोर हाना या नव्या सॅपमध्ये हे दोन्ही एकाच बिझनेस पार्टनर नोंदीत येतात. आपल्याकडून माल घेणारा आणि आपल्यालाच कच्चा माल विकणारा व्यापारी जुन्या प्रणालीत दोन स्वतंत्र खात्यांनी जगत आला आहे. त्याच्या येण्या-देण्याची वजावट करायची का, त्याची उधारीची मर्यादा ठरवताना आपण त्याला द्यायचे असलेले पैसे लक्षात घ्यायचे का, आणि त्याचा पत्ता किंवा जीएसटी क्रमांक बदलला तर दुरुस्ती विक्रीने करायची की खरेदीने, हे तांत्रिक स्थलांतरापूर्वी ठरले पाहिजे. हा निर्णय वित्तप्रमुखांचा आहे. तो आपल्या विभागाने परस्पर घेऊ नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे, कारण पुढे होणाऱ्या प्रत्येक वादात तो आपल्याच माथी येईल.

दुसरे ठिकाण झेड प्रोग्रामांचे, म्हणजे कंपनीने सॅपमध्ये स्वतःसाठी खास लिहून घेतलेल्या प्रोग्रामांचे. इथे मात्र मला संपूर्ण यादी हवी आणि या प्रश्नापुरते आपण आणि मी एकाच बाजूला आहोत. यादी प्रणालीतून सहज निघते. तिच्यापुढे प्रत्येक प्रोग्राम शेवटचा केव्हा चालला, कोणत्या विभागाने चालवला आणि कोणत्या निर्णयासाठी किंवा कोणत्या कायदेशीर कामासाठी त्याचा उपयोग होतो, हे तीन रकाने जोडावेत. तिसरा रकाना विभागप्रमुखांकडूनच भरून घ्यावा. जिथे तो रिकामा राहील, ते प्रोग्राम नव्या प्रणालीत नेऊ नयेत. फक्त एक काळजी घ्यावी. वापराची नोंद काही महिन्यांचीच साठवलेली असेल, तर तिच्या भरवशावर एकही प्रोग्राम वगळू नका. वार्षिक साठामोजणी, मूल्यांकन, वितरकांच्या वार्षिक स्कीमचा हिशेब आणि लेखापरीक्षकांना द्यायची विवरणे यांचे प्रोग्राम वर्षातून एकदाच, ३१ मार्चच्या आसपास चालतात. म्हणून नोंद साठवण्याची मुदत आजच वाढवून घ्या आणि एक वर्षअखेर तिच्यात येऊ द्या. वगळण्याच्या यादीवर सही त्यानंतरच घ्या.